चिंतेची वेळ : पाच ते सव्वापाच

३ फेब्रुवारी, सायंकाळी

ऑफिसातलं तपासणीचं एक जुनं रजिस्टर कोरं पडलं होतं, ते घरी आणलं. प्रत्येक पानावर चार रकाने छापलेले आहेत. दिनांक, दोष, कार्यवाही, निरीक्षकाची सही. रकाने सोडून आडवं लिहिणार आहे. कोणी वाचायचं नाही, त्यामुळे शुद्धलेखनाची चिंता नाही. चिंता तशी कशाचीच नाही.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी आज स्कॅन दाखवला. कमरेच्या तिसऱ्या मणक्यात एक डाग आहे. तो कसला, ते फोटोवरून कळत नाही. म्हणून पाठीतून सुई घालून हाडाचा तुकडा काढणार. बायॉप्सी. अठरा तारखेला. पालथं झोपायचं, तेवढी जागा बधिर करणार, पाऊण तास हलायचं नाही. मी विचारलं, काय असू शकतं. त्या म्हणाल्या, काहीही असू शकतं आणि काही नसूही शकतं. मी बावीस वर्षं लिफ्टची तपासणी करतो. असा शेरा मी एकदा जरी लिहिला असता तर साहेबांनी रजिस्टर परत पाठवलं असतं.

बायकोला जाऊन अकरा महिने झाले. हिचंही पाठीपासूनच सुरू झालं होतं. त्याचा इथे संबंध नाही.

निघताना नर्सने एक पत्रक दिलं. ‘तपासणीपूर्वी मन शांत कसं ठेवाल.’ आठ उपाय आहेत. सगळे करणार. उद्यापासून.

४ फेब्रुवारी

उपाय पहिला, श्वास. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. तिसऱ्या फेरीत ठसका लागला. उपाय रद्द.

उपाय दुसरा. दिवसभर चिंता करत बसू नका, तिच्यासाठी रोज पंधरा मिनिटं राखून ठेवा. हा शास्त्रशुद्ध वाटला. वेळ ठरवली, पाच ते सव्वापाच. टेबलावर घड्याळ ठेवून खुर्चीत बसलो. चिंता काही सुचेना. त्याऐवजी मेहुणा आठवला.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. गाद्यांचं दुकान आहे. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं, म्हणून मनातल्या मनात मी त्याला सर्वज्ञ म्हणतो. हिची पाठ दुखायला लागली तेव्हा यानेच घट्ट गादी पाठवली आणि म्हणाला, तीन आठवड्यांत ताई पळायला लागते की नाही बघा. तीन आठवड्यांचे तीन महिने झाले. मग डॉक्टर. मग डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. मग पाच महिने. त्यानंतर मी सर्वज्ञशी हो आणि नाही याच्या पलीकडे बोललेलो नाही. ते त्याच्या लक्षातही आलं नसेल, कारण बोलायचं काम तोच करतो.

सव्वापाच कधी झाले कळलं नाही. इतकं शांत बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

निश्चय : या माणसावर सूड उगवायचा. घाई न करता.

६ फेब्रुवारी

उपाय चौथा, इंटरनेटवर शोधू नका. शोधलं नाही. मणक्याला इंग्रजीत काय म्हणतात तेवढं पाहिलं. आता समोर आलेलं न वाचता बंद करणं बरं दिसलं नसतं. दोन तास गेले. पाय गार पडले होते, पण खिडकी उघडी होती.

पाच वाजेपर्यंत थांबवेना. पावणेतीनलाच सूडाला बसलो. पर्याय तीन. एक, त्याच्या दुकानाबद्दल ऑनलाइन वाईट मत लिहायचं. त्यासाठी अकाउंट काढावं लागतं आणि पासवर्ड तीनदा नापास झाला. दोन, तोंडावर सुनावायचं. ते माझ्याच्याने होत नाही. तीन, बायॉप्सीचं त्याला कळूच द्यायचं नाही. वाईट निघालं की कळेलच. तेव्हा आपल्याला साधं सांगितलंसुद्धा नाही, हे त्याला जन्मभर टोचत राहील.

तिसरा उत्तम. त्यात काहीच करावं लागत नाही.

७ फेब्रुवारी

हॉस्पिटलातून फोन. रिसेप्शनवरच्या बाईंचा आवाज असा की फोन कानापासून लांब धरून ऐकला. सोबत कोण येणार. म्हटलं, कोणी नाही. म्हणाल्या, मग तपासणी होणार नाही, सोबत एक माणूस पाहिजे, नियम आहे. मला कोणी नियम सांगावा हे जरा अतीच झालं. शेजारच्या चित्रकलेच्या मास्तरांचं नाव देऊन टाकलं.

संध्याकाळी मास्तरांना सांगितलं. आनंदाने हो म्हणाले. मग म्हणाले, सुई केवढी असते हो. मी दोन बोटांनी अंदाजे दाखवली. मास्तर दाराची चौकट धरून हळूहळू खाली बसले. त्यांना पाणी दिलं, पंखा लावला, त्यांच्या मुलीला फोन केला. मास्तर रद्द.

ऑफिसातला माझा जोडीदार, म्हणजे दुसरा निरीक्षक, चालला असता. पण मुलीच्या बाळंतपणासाठी तो महिनाअखेरपर्यंत रजेवर आहे.

बघू. अजून अकरा दिवस आहेत. अकरा दिवसांत माणूस मिळतो.

१० फेब्रुवारी

वार्षिक तपासणीची यादी आली. तिसऱ्या ओळीत सर्वज्ञची इमारत. सात मजले, लिफ्ट एक. तो सातव्यावर राहतो.

यादी मी केलेली नाही. हे नोंदवून ठेवतो.

११ फेब्रुवारी, दुपारी

तपासणी केली. मशीन रूम गच्चीवर आहे. तिथे जायला शेवटी एक लोखंडी जिना, शिडीसारखा उभा. माझ्या पाठीला तो झेपला नसता. म्हणून तळमजल्यावर उभं राहून आवाज ऐकला. आवाज ठीक होता.

दोषाच्या रकान्यात लिहिलं, ब्रेकचं लायनिंग मर्यादेबाहेर झिजलेलं. कार्यवाहीत लिहिलं, वापर ताबडतोब बंद. मेन स्विचला सील केलं आणि दारावर लाल पाटी लावली. पाटीवर माझी सही असते, पण माझी सही आजवर कोणाला लागलेली नाही.

न बघता दोष लिहिण्याची बावीस वर्षांतली ही पहिली वेळ. तरी सुरक्षिततेच्या बाबतीत जास्तीची काळजी घेतली म्हणून कोणाचं वाईट होत नाही.

एका मजल्याच्या अठरा पायऱ्या. सात मजले. एकशे सव्वीस. सर्वज्ञ दुपारी जेवायला घरी येतो, म्हणजे दिवसातून दोनदा वर.

घरी चालत आलो. पाठ एकदाही दुखली नाही. पत्रकात हा उपाय का दिला नाही कळत नाही.

१२ फेब्रुवारी

दीड वाजता डबा खाताना : आता तो चौथ्यावर असेल. एक पस्तीस : पाचव्यावर, कठडा धरून. घास गोड लागला.

संध्याकाळी लक्षात आलं की सासूबाईही तिथेच राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. रोज सकाळी खाली बाकावर येऊन बसतात. हल्ली सकाळी वारा फार असतो. चार दिवस घरात बसल्या तर प्रकृतीला चांगलंच.

१३ फेब्रुवारी

सर्वज्ञचा फोन. हॉस्पिटलवाल्यांनी त्याला सगळं सांगितलं. हिच्या वेळी तातडीचा नंबर म्हणून त्याचाच दिला होता, तो माझ्याही फाइलीला चिकटून राहिला. मास्तरांनी नकार कळवल्यावर त्या आवाजवाल्या बाईंनी थेट तो फिरवला. सर्वज्ञ म्हणाला, भावोजी, अठराला दुकान बंद ठेवतोय, मी येतो, तुम्ही काही बोलू नका. मी काही बोलणार नव्हतोच, पण ते त्याने सांगितल्यामुळे माझं गप्प बसणं वाया गेलं.

पर्याय तीन संपला.

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. आईने बोलावलंय, उद्याच या. तिला खाली उतरता येत नाही, कुठल्या तरी गाढवाने चांगली चालती लिफ्ट बंद करून ठेवलीय. तुमच्या ऑफिसातलाच असेल, ओळखीचा असेल तर जरा सांगा त्याला.

म्हटलं, सांगतो.

१४ फेब्रुवारी

एकशे सव्वीस पायऱ्या. मी चढलो.

दुसऱ्या मजल्यावर एक बाई कुत्र्याला कडेवर घेऊन उतरत होत्या. म्हणाल्या, तो निरीक्षक एकदा तावडीत सापडला पाहिजे. म्हटलं, खरं आहे. चौथ्यावर एका गृहस्थांनी जिन्यात खुर्ची ठेवली होती, सातव्यावरच्या आजींना उतरायचं झालं तर टेकायला म्हणून. मला बघून म्हणाले, अहो बसा, तोंड पांढरं पडलंय तुमचं. पाणी आणून दिलं आणि मी पीत असताना निरीक्षकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिसऱ्या पिढीपर्यंत माहिती बरोबर होती. पाचव्यावर पाठीतून अशी कळ निघाली की डाव्या पायाचा अंगठा मला वेगळा मोजता आला.

सासूबाई फार बोलत नाहीत. हिचा स्वभाव त्यांच्यावरच गेला होता. मटारच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. विचारलं, पाठ केव्हापासून दुखतेय. म्हटलं, तीन महिने. म्हणाल्या, आणि कोणाला बोलला नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, तीही अशीच बसली होती गप्प. एकीला घालवून काही शिकला नाहीत तुम्ही. रागावून नाही म्हणाल्या. शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. मग म्हणाल्या, अठराला मी येणार. म्हटलं, आई, लिफ्ट बंद आहे. म्हणाल्या, पाय चालू आहेत.

उतरताना चौथ्यावरच्या गृहस्थांनी पुन्हा बसवलं. उरलेल्या पिढ्या ऐकल्या.

१५ फेब्रुवारी

पाटी आजच्या आज काढायची ठरवलं. साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, तुम्हाला कशी काढता येईल. जो पाटी लावेल त्याने ती काढायची नाही, दुसऱ्या निरीक्षकाने तपासून काढायची. हा नियम आठ वर्षांपूर्वी मीच सुचवला होता. वार्षिक सभेत टाळ्या पडल्या होत्या. साहेबांनी टाळ्यांचीही आठवण काढली. जोडीदार रजेवर, म्हणून दुसऱ्या विभागातला माणूस सतराला येणार.

मी म्हटलं, दोष कदाचित तितका मोठा नसेलही. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, तुम्ही बघितलात ना. म्हटलं, हो.

सतराला तो माणूस गच्चीवर चढणार, नवंकोरं लायनिंग बघणार आणि खाली येऊन माझं नाव विचारणार. सतराला नोकरी, अठराला हाड. चिंतेची वेळ वाढवून अर्धा तास केली. तरी काम पुरं झालं नाही.

१६ फेब्रुवारी

संमतिपत्रावर सोबतच्या माणसाची सही हवी, म्हणून सर्वज्ञच्या दुकानात गेलो. एवीतेवी नोकरी जाणारच आहे, तर आज सुनावायचंच असं ठरवलं. वाटेत वाक्य पाठ केलं : ती गादी तू पाठवली नसतीस तर ही आज असती. बोललो. मध्ये एकदा घसा साफ करावा लागला, पण पूर्ण बोललो.

तो सही करता करता थांबला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हळूच म्हणाला, भावोजी, फोन तुम्ही केला होतात. म्हणाला होतात, डॉक्टरकडे न्यावं असं काही नाही, तू एक घट्ट गादी पाठव. मग उरलेली सही केली आणि मानेला आधार देणारी नवी उशी आलीय ती दाखवायला लागला.

त्याची आठवण पहिल्यापासून कच्ची.

घरी आल्यावर केवळ खात्रीसाठी त्या वर्षीची वही काढली. मी सगळं लिहून ठेवतो, हा धंद्याचा दोष. १२ जुलै. ‘मेहुण्याला फोन, घट्ट गादी. ही डॉक्टरकडे जाऊ म्हणते. पाठ बघितली. काही नाही.’

अक्षर माझ्यासारखंच आहे. शाई माझी वाटत नाही.

१७ फेब्रुवारी

सकाळी टेबलाचा खण रिकामा करून ठेवला. स्टेपलर ऑफिसचा की माझा, यावर बराच वेळ गेला. साडेबाराला साहेबांनी बोलावलं. दुसऱ्या विभागातला माणूस समोर बसला होता, कोपरापर्यंत ग्रीसने माखलेला. त्याने टेबलावर एक झिजकी पट्टी ठेवली. ब्रेकचं लायनिंग. रिव्हेट उघडे पडलेले. म्हणाला, आठ माणसं भरून लिफ्ट एकदा खाली निघाली असती तर थांबली नसती. अजून फार तर आठवडा. मग माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही कसं पकडलंत, आवाज तर अगदी स्वच्छ आहे.

साहेब उठून उभे राहिले. हात मिळवला. खालीही बसेनात.

तीनला सर्वज्ञचा फोन. म्हणाला, गाढव तुम्हीच होतात होय. मग काही बोलेना. त्याला बोलायला शब्द सापडत नाहीत हे मी पहिल्यांदाच ऐकलं. शेवटी म्हणाला, आई रोज त्याच लिफ्टने उतरायची, भावोजी. नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आभाराचं पत्र पाठवलंय. त्यात पिढ्यांचा उल्लेख नाही.

मी त्याला एकशे सव्वीस पायऱ्या चढायला लावल्या आणि त्याबद्दल माझे आभार मानतात. सूडाचं असं मातेरं कोणाच्या हातून झालं नसेल. न बघता दोष लिहिला, तो निघाला. आणि बघून लिहिलं होतं काही नाही, तर

पुढे लिहीत नाही. उद्या लवकर उठायचंय.

१८ फेब्रुवारी, दुपारी

झालं.

लिफ्टची दुरुस्ती चालू आहे. सासूबाई जिन्यानेच उतरल्या. पन्नास मिनिटं लागली. एकाच्या जागी प्रत्येक मजल्यावर खुर्ची आली होती. खाली आल्यावर मला म्हणाल्या, तुम्ही नाश्ता नाही ना केलात, उपाशी या म्हणून सांगितलंय ना. उपाशीच होतो. चार दिवसांपासून.

आत जाताना बूट काढून ठेवायला सांगितले. ते सर्वज्ञने घेतले. खाली ठेव म्हटलं तरी मांडीवर धरून बसला.

पालथं झोपवलं. नर्स म्हणाली, हलू नका. दर दोन मिनिटांनी म्हणत होती, जसा काही मी नाचत होतो. सुई बोचली, मग बधिर, मग नुसता दाब. कोणी तरी भिंतीत हळूहळू खिळा फिरवतंय आणि भिंत आपण आहोत, असा. श्वासाचा उपाय आठवला, पण तो मी रद्द केलेला. मग ठरल्याप्रमाणे सर्वज्ञवर राग आणायला गेलो. दर वेळी तो मांडीवर बूट घेऊनच यायला लागला.

त्याऐवजी हिची पाठ आठवली. ती पाठमोरी उभी होती, हात मागे वळवून बोट टेकवत म्हणत होती, इथे. अहो, इथे बघा ना, इथे काही तरी आहे. मी चष्मा शोधत होतो. तो सापडला नाही. म्हणून तसंच बघितलं.

डोळ्यांतून पाणी आलं, ते खाली कापडावर गेलं. नर्सने विचारलं, दुखतंय का. म्हटलं, नाही. हललो मात्र नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा पेशंट रोज मिळायला हवा.

निकाल आठ दिवसांनी.

२१ फेब्रुवारी

पाच ते सव्वापाच बसतो, पण नुसता बसतो. चिंता सकाळी सहालाच येऊन जाते आणि दिवसभर ये-जा करते. तिला वेळेचं बंधन सांगून बघितलं.

२६ फेब्रुवारी

निकाल. सर्वज्ञ सोबत आला. त्याला ये म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही म्हटलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही नाही. रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, कितीतरी जणांना असतो, त्यांना कळतही नाही. वर्षभराने पुन्हा फोटो काढू. मी म्हटलं, काही नाही, असं न बघता म्हणत नाही ना तुम्ही. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी वाचला. सर्वज्ञने घेतला, तीनदा वाचला, त्यात एकदा उलटा धरून.

मग मी विचारलं, मग दुखतं कशाने. त्यांनी विचारलं, गादी कसली वापरता. म्हटलं, घट्ट. किती घट्ट. मी सांगायच्या आधी सर्वज्ञने मापासकट सांगितलं. त्या म्हणाल्या, बदला ती, तुमच्या वयाला ती नको. सर्वज्ञ जमिनीकडे बघत होता. मीही.

हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. दार नीट लागतंय, ब्रेकचा आवाज ठीक. तिसऱ्या मजल्याच्या आसपास म्हटलं, फोन मीच केला होता. तो म्हणाला, माहितेय की. मग म्हणाला, आईला मात्र मी सांगितलेलं नाही. तिला वाटतं गादी माझंच डोकं. वर्षभर ऐकतोय, त्यात काय एवढं. दार उघडलं आणि कोणी तरी स्ट्रेचर घेऊन आत आलं, म्हणून बाजूला व्हावं लागलं.

चार वाजता दोन माणसं आणि तो नवी गादी घेऊन आले. मध्यम. जुनी त्याने स्वतः गुंडाळली. दोरी बांधताना हिच्या बाजूला पडलेल्या खोलगट भागावरून एकदा हात फिरवला. नवी टाकून झाल्यावर सवयीने म्हणाला, तीन आठवड्यांत पळायला लागता की नाही बघा.  मग चहासुद्धा न घेता गेला.

पाच वाजले. खुर्चीत बसलो, घड्याळ समोर ठेवलं. सूड उगवायला कोणी उरलेलं नाही. म्हणजे एक जण आहे. त्याला लाल पाटी लावून झाली. ती काढायला मात्र दुसरा माणूस लागतो, नियम माझाच आहे, आणि तो दुसरा माणूस सातव्या मजल्यावर शेंगा सोलत बसलेला असतो. त्यांना सांगायला हवं की गादी कोणाचं डोकं होतं.

लिफ्ट कालपासून सुरू झाली. म्हणजे तीही सबब गेली.

उद्या जाईन. फार तर परवा.